तऱ्हाळ्याचा हत्ती

अकोल्याच्या एका वाचकांनी पृच्छा केली आहे की, बाल्खचे ग्रीक राजे आणि त्यांच्यामागून आलेले कुशाण नाण्यांवर स्वतःची छबी उठवीत असत, तर आपल्या वऱ्हाडातील सातवाहन नाण्यांवर राजाच्या जागी हत्ती का?

प्रश्न मार्मिक आहे. १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे (तेव्हा जिल्हा अकोला, आता वाशीम) सुमारे १,६०० सातवाहन नाण्यांचा साठा सापडला. तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची ही नाणी; एका अंगास सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या अंगास अधिकाच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे, म्हणजे उज्जयिनी-चिन्ह. हत्तीभोवती ब्राह्मी लिपीत राजाचे नाव असे. परंतु ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर नावाची आरंभीची अक्षरे उमटत, तर दुसऱ्यावर केवळ शेवटची. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही तुटकी अक्षरे एकमेकांस जुळवून कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे पुराणांतील वंशावळींस ठाऊक नसलेले राजे उजेडात आणले. सुवर्णमुद्रांची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो. पण विस्मृत राजांस त्यांची नावे परत मिळाली ती या मळकट चकत्यांमुळे आणि त्या वाचणाऱ्या एका संस्कृत पंडिताच्या चिकाटीमुळे, ही गोष्ट वऱ्हाडाने विसरू नये.

आता हत्तीविषयी. माझ्या मते, ज्या मुलुखात नाणे चालवायचे तेथील हाताला जे चिन्ह ओळखीचे, तेच टांकसाळ उठवीत असे. गांधारात अंमल करणाऱ्या अपोलोडोटस या ग्रीक राजाने आपल्या चौकोनी रुपेरी नाण्यांवर एका बाजूस हत्ती आणि दुसऱ्या बाजूस आपल्याकडचा वशिंडाचा बैलच घातला. उलटपक्षी, पश्चिमेकडील मुलूख शक क्षत्रपांच्या, राजाची छबी असलेल्या चांदीला सरावलेला होता, तेव्हा सातवाहनांनीही चांदीवर राजाचा मुखवटा उठविला.

क्षत्रपांच्या या चांदीचा सर्वांत बोलका पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा. १९०६ साली तेथे शक क्षत्रप नहपानाची १३,०००हून अधिक नाणी मिळाली. त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. चांदी वितळवून नवे नाणे पाडण्याचा खटाटोप त्याने केला नाही. जुन्याच नाण्यावर एका अंगास चैत्य आणि दुसऱ्या अंगास उज्जयिनी-चिन्ह ठोकले. ठसा दाबला गेला तेथे धातू खोल बसला, राहिला तेथे जुनी रेषा टिकली. म्हणूनच अशी नाणी उजेडात तिरपी धरली की, सातवाहनांच्या चैत्याखालून नहपानाच्या चेहऱ्याची कड आणि त्याच्याभोवतीची ग्रीक अक्षरे अद्याप डोकावतात.