हाताचे तारतम्य

रॅलीच्या शर्यतीत अगदी अवघड वळण आले की चालक हातब्रेक क्षणभर ओढतो. मागची चाके अडतात, त्यांची रस्त्यावरील आडवी पकड सुटते आणि गाडीचा मागील भाग बाहेर सरकून ती चटकन वळते. संगणकावरील शर्यतीच्या खेळात हे काम पुष्कळदा एका बटणावर सोपवलेले असते. परंतु बटणाला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच ठाऊक. वळण साधते की गाडी गरकन फिरते, हे तर ओढण्याच्या कमीअधिकपणावर ठरते.

म्हणून हौशी मंडळी घरीच तरफ तयार करतात. लोखंडी पट्टी, तिला परत खेचणारी स्प्रिंग आणि सांध्यापाशी पोटेन्शिओमीटर. श्रोतेहो, जुन्या रेडिओत आवाज लहानमोठा करणाऱ्या चावीमागे हाच असे! तरफ हलली की विजेचा दाब बदलतो. आर्डुइनो लिओनार्डोसारखी लहानशी पाटी त्याचे ० ते १०२३ या अंकांत रूपांतर करून यूएसबीच्या तारेने संगणकाला कळवते.

खऱ्या ब्रेकवर मात्र हाताला अंतरापेक्षा जोर अधिक जाणवतो. त्यासाठी काही जण विजेच्या वजनकाट्यातील लोडसेल बसवतात. मग तरफ जेमतेम हलते आणि मोजला जातो तो जोर. यंत्राला आज्ञा देणे सोपे. हाताचे तारतम्य त्याला कळावे, तर ते मोजण्याची सोय आधी करावी लागते.