सोळाव्या हिश्श्याचं बोइंग
(लेखमाला : खासगी आकाश, भाग सहावा)

उभं विमानही पैसे खातं, इथे आपण मागच्या भागात थांबलो होतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण मुंबईत घडलं. विजय मल्ल्यांचं एअरबस ए-३१९, म्हणजे एरवी सव्वाशे-दीडशे प्रवासी नेणारं विमान, सेवाकर खात्यानं २०१३ मध्ये जप्त केलं आणि ते मुंबई विमानतळावर जागा अडवून राहिलं. २०१६ च्या लिलावात १५२ कोटींच्या राखीव किमतीसमोर बोली आली १ कोटी ९ लाखांची. शेवटी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या एका कंपनीनं ते ३४ कोटी ८० लाखांना घेतलं. न उडणाऱ्या विमानाच्याही तपासण्या मुदतीत व्हाव्या लागतात. त्या राहिल्या की किंमत वेगानं उतरते.

मग असं विमान चार-आठ जणांनी मिळून का घेऊ नये?

लहान विमानांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर रिचर्ड सँटुली यांनी १९८६ मध्ये दिलं. ते गणिती. त्यांची कंपनी पुढे नेटजेट्स म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि १९९८ मध्ये वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेनं ती विकत घेतली. योजना अशी : एका विमानाचे वर्षाला ८०० तास धरायचे आणि त्यांचे हिस्से विकायचे. सोळावा हिस्सा घेतला तर वर्षाला ५० तास. हिस्सेदार एकदा हिश्श्याची किंमत मोजतो, दरमहा व्यवस्थापनाचा खर्च देतो आणि स्वतः विमानात असेल तेवढ्या तासांचे पैसे वेगळे भरतो. रिकामं विमान त्याला घ्यायला येतं तो खर्च कंपनी सोसते.

कागदावर मालकी एका ठरावीक विमानाची असते, पण दाराशी येतं ते ताफ्यातलं त्याच जातीचं कुठलंही विमान. काही तास आधी सांगा, विमान हजर होईल, ही हमीच खरी विकली जाते. ती पाळायची तर एकसारखी पुष्कळ विमानं हवीत, शिवाय कंपनीची स्वतःची काही जादा. सँटुलींचं सगळं गणित या जादा विमानांचं होतं.

आमच्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरची रापण, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मासेमारीचं जाळं, इथे आठवते. तिथेही वाटे असतात, पण रापण ओढायला सगळे एकाच वेळी लागतात आणि तेच तिचं बळ. विमानाच्या भागीदारीत सगळ्यांना एकाच वेळी विमान हवं झालं की योजना कोलमडते, आणि नाताळच्या सुट्टीत नेमकं तसंच होतं. शंभर विमानांच्या ताफ्यात ही गर्दी जिरवता येते. चार-पाच विमानं असतील, तर एक तपासणीला गेलं तरी हमी लंगडी पडते.

मोठं विमान अडतं ते इथेच. बोइंगनं जनरल इलेक्ट्रिकसोबत १९९६ मध्ये बोइंग बिझनेस जेट, म्हणजे बीबीजे, बाजारात आणायचं ठरवलं. ७३७-७०० चं धड, ७३७-८०० चे पंख, पोटात जादा इंधनटाक्या, आत शयनकक्ष आणि बैठकीची खोली. नेटजेट्सनं हे विमानही हिश्शांवर दिलं. पण असं विमान घेणारे मुळात थोडे, म्हणून ताफा छोटा, म्हणून जादा विमान ठेवणं महाग. रिकाम्या फेरीतही पुऱ्या प्रवासी विमानाचं इंधन जळतं. लांबच्या उड्डाणाला वैमानिकांची जादा फळी लागते आणि आतिथ्याला वेगळा कर्मचारीवर्ग.

त्यात वजन. न्यूयॉर्कजवळचं टिटरबरो हे धनिकांचं आवडतं विमानतळ. तिथे एक लाख पौंडांपेक्षा जड विमानाला मज्जाव आहे, आणि बीबीजेचं कमाल वजन १ लाख ७१ हजार पौंड. शहराच्या उंबरठ्यावर उतरता येणं हाच खासगी विमानाचा मोठा लाभ, तोच इथे हातचा जातो. गल्फस्ट्रीमच्या जी-६५० चं कमाल वजन आहे ९९,६०० पौंड, मर्यादेच्या नेमकं आत. ते महासागर ओलांडतं आणि छोट्या विमानतळावरही चालतं. हिश्शांच्या बाजारात बीबीजेची जागा अशा विमानांनी घेतली यात मला काहीच नवल वाटत नाही. आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी अडीच हजार मीटरची, म्हणजे बीबीजेलाही पुरेल. पण धावपट्टीबरोबरच उभं राहायला जागा, ओढायला ट्रॅक्टर, सामान उतरवायची साधनं आणि भार पेलणारा तळ हे सगळं हिस्सेदार जिथे म्हणेल तिथे हवं.

भारतात बीबीजे वाटून वापरण्याचा एक प्रयोग मात्र नीट चालला, आणि तो सरकारी आहे. हवाई दलाच्या पालम इथल्या कम्युनिकेशन स्क्वाड्रनकडे २००९ मध्ये तीन बीबीजे आली : राजदूत, राजहंस आणि राजकमल. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ती वापरत आले. वापरणारे मोजके, दौरे आधीच ठरलेले, तळ एकच, आणि कुणाचं विमान आधी हा वाद सोडवायला राजशिष्टाचार हजर. हिस्सा विकत घेणाऱ्या उद्योगपतीला यातली एकही अट मान्य होणार नाही.