पाठीशी घालणं आणि पाठीशी उभं राहणं
(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय घराघरात आहे, पण चारचौघांत त्यावर कुणी बोलत नाही. पोरगा वीस-पंचवीस वर्षांचा झालेला. दारू असेल, नशा असेल, कधी डोक्याचा आजार असेल. एक दिवस पोलीस येतात आणि त्याला घेऊन जातात. आई-बापापुढे त्या रात्री दोनच रस्ते दिसतात. एक, काहीही करून त्याला वाचवायचं. दुसरा, "आमचा तो कुणी नाही" म्हणून हात झटकायचे. मला तिसऱ्या रस्त्याबद्दल बोलायचंय. मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत: पाठीशी घालणं आणि पाठीशी उभं राहणं. कायद्यातही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आधी पाठीशी घालण्याचं बघू. पोलीस शोधतायत आणि पोरगा मामाच्या गावाला ठेवलाय, हे आपल्याला मायेपोटी केलेलं वाटतं. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 249 प्रमाणे आरोपीला शिक्षेपासून वाचवण्यासाठी आसरा देणं हा गुन्हा आहे. यात सूट फक्त नवऱ्याला किंवा बायकोला आहे. आई-बापाला नाही. तसंच फिर्यादीच्या घरी जाऊन "मिटवून घ्या" म्हणून गळ घालू नका. साक्षीदारावर दबाव आणला असं कोर्टाला वाटलं, तर मिळालेला जामीनही रद्द होऊ शकतो. तडजोडीचं बोलायचं असेल तर वकिलामार्फतच बोला.

आता पाठीशी उभं राहणं म्हणजे काय? अटक झाल्यावर 24 तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची खबर नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. त्या दिवशी कोर्टात हजर राहा. गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि पोलीस ठाणं एका वहीत लिहून घ्या. पुढची सगळी लढाई त्या वहीवर चालते.

वकील लावायला शेत विकू नका. जो कोठडीत आहे त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याचं उत्पन्न कितीही असो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते. फोन लावायचा तर 15100.

आता तारखांचं गणित. अटकेनंतर ठरावीक मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत 90 दिवस, बाकीच्यांत साधारण 60 दिवस. पण हा जामीन आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. दोषारोपपत्र आधी दाखल झालं की ही संधी गेली. म्हणून वहीत दिवस मोजत राहा आणि वकिलाला आठवण द्या. दुसरं, कलम 479. पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून गेला असेल, तर सुटकेचा विचार होतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि अनेक केसेस चालू असतील तरी अडचण येते.

आता आपल्या बीडची खरी अडचण. दसरा-दिवाळी झाली की आपली माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पोरगा तिकडे फडावर अडकला, तर तिथलं कोर्ट जामीनदार मागतं. आपला सातबारा इकडचा, ओळखीची माणसं इकडची. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं असंच प्रकरण आलं. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे चूक ठरवलं आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर सुटका करायला सांगितलं. जानेवारी 2023 मध्येही सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका अडते, अशा वेळी ती अट घालू नये. जामीन मंजूर होऊन महिना झाला आणि जामीनदार मिळत नसेल, तर अट सैल करायचा अर्ज करा.

उलट बाजूही आहे. पोरगा जामिनावर आहे, केस बीडला किंवा अंबाजोगाईला, आणि उचल घेतली म्हणून तो कारखान्यावर गेला. तारीख चुकली की वॉरंट निघतं. जाण्याआधी वकिलाला सांगा, हजेरी माफीचा अर्ज द्या. गावात एकाला तरी कोर्टाचा कागद आला तर फोन करायला सांगून ठेवा.

मनाचा आजार असेल, तर जुन्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. आरोपीला स्वतःचा बचाव करण्याइतकं भान नसेल, तर कोर्ट त्याची डॉक्टरी तपासणी करून घेतं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कैद्यांच्या उपचाराची तरतूद आहे. पण तुम्ही सांगितलं नाही, तर कोर्टाला कळणार कसं? "लोक वेडा म्हणतील" म्हणून कागद लपवू नका. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज जवळच आहे. सल्ल्यासाठी टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: "मुलाखतीला गेलं की पोरगा शिव्या देतो, फक्त पैसे मागतो. जायचं का?" ताई, जा. पण रिकाम्या हाताने जायचा हक्क तुम्हाला आहे. पैसे नाही म्हणा, भेट नाही म्हणू नका. त्याने गुन्हा केला असेल तर शिक्षा भोगायची त्याला आहे, तुम्हाला नाही. आणि ज्याच्या घरी नुकसान झालंय, त्यांचं दुःखही खरं आहे, हे विसरायचं नाही. एवढं ध्यानात ठेवून दर तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहता येतं. बाहेर आल्यावर त्याला कुठलं तरी घर लागणार आहे.