पूर्णगडची फांजी

समुद्राकाठी नुसतं चालायला म्हणून रस्ता बांधावा, हे कोकणातल्या माणसाच्या कधी मनात आलं नाही. किनाऱ्यावर जायचं ते कामाला: मासळी उतरवायला, होडी ओढायला, जाळं विणायला. घरं बांधली तीही समुद्राचा वारा चुकवून, डोंगराच्या आडोशाला, माडा-पोफळींच्या मागे. असं असूनही रत्नागिरीच्या दक्षिणेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर समुद्र पाहत चालण्यासाठी एक पक्की वाट आहे. ती पूर्णगडच्या तटावर आहे. गडकोटांची माहिती असणारे तिला फांजी म्हणतात.

फांजी म्हणजे तटाच्या आतल्या अंगाने, वरच्या बाजूला ठेवलेला चालण्याचा पट्टा. बाहेरच्या कडेला छातीइतकी भिंत, तिच्यात बंदुकीसाठी तिरप्या जंग्या; आतल्या बाजूला मोकळी कड. पहारेकऱ्याने इथून फेऱ्या मारायच्या आणि समुद्रावर डोळा ठेवायचा. शत्रू दिसला तर बुरुजाकडे धावत जाता यावं, एवढी तिची रुंदी.

मुचकुंदी नदी सह्याद्रीत माचाळच्या परिसरात उगम पावते, लांजा तालुका ओलांडते आणि इथे समुद्राला मिळते. नदीच्या उत्तर काठावर जमिनीची एक सोंड समुद्रात शिरली आहे. तिच्या माथ्यावर गड आहे. गावातून पाखाडीने वर गेलं की मारुतीचं देऊळ लागतं आणि मग दोन बुरुजांच्या आड दडवलेला दरवाजा. कमानीवर गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत. आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, पुढे वाड्याचे चौथरे, आणि समोरच्या तटात समुद्राकडे उघडणारा दुसरा दरवाजा. गड पाहायला अर्धा तास पुरे. तटावर मात्र तेवढा वेळ एकाच जागी जातो.

वर चढल्यावर गडाची जागा का निवडली ते लगेच कळतं. पश्चिमेला अरबी समुद्र, कुठलाही अडथळा नाही. दक्षिणेला थेट पायाखाली खाडीचं तोंड, पलीकडे गावखडीचा लांबलचक पुळणीचा किनारा आणि त्यामागे सुरूचं बन. पूर्वेला खाडी वळणं घेत आत जाते. याच खाडीने गलबतं साटवलीपर्यंत जात. साटवली हे आतलं जुनं बंदर, आणि तिथेही एक छोटा किल्ला आहे. म्हणजे खाडीच्या तोंडाशी एक पहारा आणि पेठेजवळ दुसरा. कोकणातल्या बहुतेक खाड्यांची मांडणी अशीच आहे. उत्तरेला रत्नदुर्ग, दक्षिणेला आंबोळगड आणि यशवंतगड, आणखी खाली विजयदुर्ग. या साखळीतली पूर्णगड ही लहान कडी. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा किनाऱ्यावरच्या इतर किल्ल्यांबरोबर हाही इंग्रजांकडे गेला. १८६२ च्या पाहणीत इथे ७ तोफा आणि ७० गोळे नोंदवले गेले. एवढ्या छोट्या गडाला तेवढं पुरेसं होतं, कारण त्याचं काम लढण्यापेक्षा बघण्याचं होतं.

आता भूमध्य समुद्राकडे पाहू. फ्रान्समधल्या नीस शहरात समुद्राच्या कडेने सुमारे सात किलोमीटरचा फिरण्याचा रस्ता आहे, ‘प्रोमनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फेरफटका. १८२० च्या दशकात, नीस अजून फ्रान्समध्ये आलंही नव्हतं तेव्हा, थंडी काढायला तिथे राहणाऱ्या इंग्रजांनी लुईस वे या पाद्र्याच्या पुढाकाराने ही वाट बांधवली. बेकारांना काम मिळावं हा एक हेतू, आणि आपल्याला समुद्राकाठी चालता यावं हा दुसरा. सुरुवातीची ती अरुंद पायवाट पुढे ताडांच्या रांगांचा, हॉटेलांचा, निळ्या खुर्च्यांचा हमरस्ता झाली. अलेक्झांड्रिया आणि बैरुतलाही असेच रस्ते झाले आणि समुद्रासमोरचं घर ही प्रतिष्ठेची गोष्ट ठरली.

हे तिथे जमलं आणि कोकणात जमलं नाही, यामागे आवडीनिवडीपेक्षा पाण्याचा स्वभाव मोठा आहे. भूमध्य समुद्र जवळजवळ सगळीकडून बंद. त्याचं अटलांटिकशी नातं जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीपुरतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी भरती आणि ओहोटी यांतला फरक फूट-दीड फुटाच्या आसपास राहतो. वादळं तिथेही होतात, पण रोज पाणी कुठवर येणार हे ठरलेलं असतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाला हाच फरक दोन मीटरच्या वर जातो. त्यावर जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा. पाण्याच्या कडेला फरसबंदी करून दिवे लावले, तर पहिल्याच पावसाळ्यात समुद्र ती मोजून बघणार. रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर धूप थांबवायला घातलेला दगडी बंधारा दर पावसाळ्यात या ना त्या कारणाने बातमीत येतो, त्याचं मूळ इथेच आहे.

मुंबईने ही हौस भागवली, पण किंमत देऊन. मरीन ड्राइव्हचं काम १९१५ साली सुरू झालं. आज साडेतीन किलोमीटरहून थोडा लांब असलेला तो कठडा लाटांपासून वाचवायला पुढे काँक्रीटचे चौपायी ठोकळे टाकावे लागले, आणि तरी मोठ्या भरतीच्या दिवशी पोलिसांना लोकांना मागे सारावं लागतं. शहराकडे पैसा आहे, दुरुस्तीची यंत्रणा आहे. पूर्णगडसारख्या गावाला ते परवडणार नाही.

म्हणूनच फांजीची जागा मला शहाणपणाची वाटते. बांधणाऱ्यांनी समुद्राशी वाद घातला नाही. पाणी खाली त्याच्या मनाप्रमाणे येऊ-जाऊ दे, आपण वरून पाहू. दगडही तिथलाच, जांभा. खाणीतून काढताना मऊ, घडवायला सोपा. उघड्यावर राहिला की टणक होतो. सच्छिद्र असल्याने पाणी पितो आणि सोडतो. त्याला खरा धोका लाटांपेक्षा झाडांचा आहे. सांध्यात वड-पिंपळाचं मूळ शिरलं की चिरे सुटतात. अलीकडच्या वर्षांत गडाची डागडुजी झाली, झाडी काढली गेली, म्हणून आज तटावरून चालता येतं.

चालताना वर्षाचं वेळापत्रक दिसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद. तेव्हा होड्या वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली झाकलेल्या, आणि खाडीचं पाणी लाल. नारळी पौर्णिमेनंतर हालचाल सुरू होते. ओहोटीला खाडीच्या वाळूपट्ट्यावर तिसऱ्या काढणाऱ्या बायका दिसतात. खाडीवर आता पूल आहे; सागरी महामार्गाची वाहनं त्यावरून गावखडीला जातात. पूर्वी हेच अंतर होडीने पार करावं लागे.

गावखडीची पुळण महत्त्वाची आहे ती आणखी एका कारणाने. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात; एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि ती राखण्याचं काम स्थानिक माणसं करतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. तिथे नीससारखी दिव्यांची माळ लागली, तर पिल्लं रस्त्याकडे वळतील.

२०२५ साली ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले. त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी आहेत, पूर्णगड नाही. सगळं लक्ष आता मोठ्या किल्ल्यांकडे जाणार आणि छोट्यांच्या वाट्याला पर्यटनाच्या नावाखाली रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आणि पेव्हर ब्लॉक येणार, ही भीती खोटी नाही. पूर्णगडला यातलं काहीच नको. दर पावसाळ्यानंतर सांध्यांतली रोपं उपटणं, सुटलेला चिरा चुन्यात परत बसवणं आणि पाखाडी साफ ठेवणं, एवढं नियमाने झालं तरी ही वाट आणखी काही पिढ्या टिकेल.

जायचं असेल तर रत्नागिरीहून पावसमार्गे जा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पाणी बरोबर घ्या. फांजीला आतल्या बाजूने कठडा नाही, तेव्हा लहान मुलांचा हात धरा, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या तटावर चढू नका.