धावायला लागा, पण बेताने



पूर्वी आपण प्लॉट बघायला पायी जायचो. आता मोटारसायकल थेट बांधावर जाते. गेल्या वर्षी तपासणीत माझ्या रक्तात साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांना विचारून पळायला लागलो. पहिल्याच दिवशी जोशात दोन किलोमीटर पळालो आणि आठ दिवस गुडघा धरून बसलो!

चूक ध्यानात आली. उसाला नत्र आपण एकदम टाकत नाही, चार हप्त्यांत देतो. शरीराचेही तसेच आहे. दम लवकर वाढतो, पण हाडे आणि सांधे तयार व्हायला वेळ लागतो.

रीत सोपी आहे. आधी पाच मिनिटे चालावे. मग एक मिनिट सावकाश पळावे, दोन मिनिटे चालावे. असे सात-आठ वेळा करावे. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस विसावा. पळताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. दर आठवड्याला पळणे थोडे वाढवावे, चालणे कमी करावे.

पायात चप्पल नको, बूट घालावेत. हंगामात अंधारात ऊसगाड्यांच्या रस्त्याने पळू नये. शाळेचे मैदान बरे. चाळिशीपुढच्यांनी, तसेच रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबून दवाखाना गाठावा.

तीन महिन्यांत मी सलग वीस मिनिटे पळू लागलो. तुम्हालाही जमेल.

– ऊस विकास अधिकारी