‘से’ आणि ‘टेल’ : म्हणणे आणि सांगणे

इंग्रजीतील ‘से’ आणि ‘टेल’ या दोन क्रियापदांचा अर्थ येथील विद्यार्थ्यांस विचारला असता बहुधा दोहोंसाठी ‘कहना’ हा एकच हिंदी शब्द पुढे येतो. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीसारख्या वस्तीत घरी मराठी, बाहेर हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी मराठी मुलेही यास अपवाद नाहीत. वस्तुतः हा भेद उलगडण्याची किल्ली त्यांच्या घरच्या भाषेतच आहे.

‘से’ची दृष्टी उच्चारलेल्या शब्दांवर असते, ‘टेल’ची, ज्याला ते कळवावयाचे त्या श्रोत्यावर. आपले ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ नेमके असेच आहेत. प्रार्थना म्हणावयाची, गोष्ट सांगावयाची. इंग्रजीतही प्रार्थनेला ‘से’ आणि गोष्टीला ‘टेल’ लागते. ‘पत्रात म्हटले आहे’ येथे ‘से’. ‘खरे सांग’ येथे ‘टेल’. आज्ञेच्या अर्थीही हे साम्य टिकते. ‘त्याने मला जायला सांगितले’ हे ‘ही टोल्ड मी टु गो’ असेच होते. तेथे ‘सेड’ चालत नाही. ‘टेल’चा जुना अर्थ ‘मोजणे’ असा होता आणि बँकेत पैसे मोजून देणाऱ्या ‘टेलर’च्या नावात तो अद्याप उरला आहे. ‘म्हणणे’ हे संस्कृत ‘भण्’ धातूपासून आलेले असून ‘म्हण’, ‘म्हणून’, ‘म्हणजे’ ही त्याचीच संतती होय.

मात्र साम्य सर्वत्र नाही. ‘लबाडी’ इंग्रजीत ‘टेल’ करतात; आपण खोटे ‘बोलतो’. त्याहून मोठा धोका ‘मला’ या शब्दात आहे. मराठीत ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्याने मला सांगितले’ या दोन्ही वाक्यांत ‘मला’ एकच. म्हणून ‘ही सेड मी’ अशी चूक संभवते. इंग्रजीत ‘सेड’नंतर व्यक्ती आणावयाची तर मध्ये ‘टु’ हवा. ‘टोल्ड’नंतर तो नको. या एका स्थळी हिंदी साहाय्यास येते. ‘मुझसे कहा’ आणि ‘मुझे बताया’ यांतील भिन्न प्रत्यय दाखविले, की ‘सेड टु मी’ आणि ‘टोल्ड मी’ यांतील अंतर मुलांस चटकन पटते.

उलट हिंदीच्या वळणाने मराठीची हानी होते, तिकडेही लक्ष हवे. ‘उसने कहा’च्या धर्तीवर ‘त्याने म्हणाला’ असे वाक्य कानी पडते. ‘म्हणणे’ सकर्मक असूनही ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ असा कर्तरी प्रयोग घेते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. ‘ने’ लावावयाचा तर रूप ‘म्हटले’ : ‘त्याने म्हटले’, ‘तिने श्लोक म्हटला’. ‘सांगणे’ मात्र भूतकाळी सदैव ‘ने’ घेते : ‘त्याने निरोप सांगितला’.

१९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन ज्या नगरीत भरले, तेथील मुलांच्या तोंडी ‘तो म्हणाला’ टिकावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. शिक्षकांनी इंग्रजीचा हा पाठ देताना फळ्यावर तिन्ही भाषांतील वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत, अशी आमची सूचना आहे. त्यायोगे इंग्रजी तर सुधारेलच. पण मराठी ही केवळ घरात बोलावयाची भाषा नसून विचारास साह्य करणारी भाषा आहे, हेही मुलांच्या प्रत्ययास येईल.