कार्यमग्न मातेची स्वतःची निगा : ‘उरलेल्या वेळे’चा प्रश्न

घरातील सर्वांची निगा राखणाऱ्या व्यक्तीची निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न गृहव्यवस्थेच्या विवेचनात बहुधा शेवटी येतो आणि पुष्कळदा येतही नाही. लहान मुलांच्या आईने आपल्या प्रकृतीकडे लक्ष द्यावे, असा उपदेश तिला घरीदारी केला जातो. ‘वेळ उरला तर’ हे तिचे ठराविक उत्तर असते. ह्या उत्तरातच प्रश्नाचे मर्म आहे. घरकामाला शेवट नसल्यामुळे वेळ उरत नाही. आणि म्हणून उरलेल्या वेळेवर सोपविलेली विश्रांती मातेच्या पदरात कधीच पडत नाही. निगेचे साधे उपाय कोणते, ह्याबरोबरच ते दिवसाच्या क्रमात कोठे बसवावयाचे, ह्याचाही विचार त्यामुळे आवश्यक ठरतो.

वेळेचा हिशेब

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. १५ ते ५९ वयोगटात घरातील माणसांच्या शुश्रूषेत व संगोपनात ४१ टक्के स्त्रिया सहभागी होत्या आणि त्यांचा सरासरी वेळ १४० मिनिटे होता; पुरुषांच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे २१.४ टक्के व ७४ मिनिटे असे होते. ह्या सरासऱ्या ते ते काम करणाऱ्यांपुरत्याच आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मुळीच काम न करणारे त्यांत धरलेले नाहीत.

शिवाय मिनिटांच्या बेरजेत कामाचे खंडित स्वरूप दिसत नाही. मूल झोपलेले असताना आई आडवी झाली, तरी तिचा एक कान पाळण्याकडे असतो. अशा अर्ध्या तासाची गणना विश्रांतीत झाली, तरी त्याचे फळ विश्रांतीचे नसते.

जुनी व्यवस्था आणि तिचे गुणदोष

महाराष्ट्रातील पूर्वापार कुटुंबरचनेत मातेची विश्रांती तिच्या इच्छेवर सोपविलेली नव्हती. ती रूढीने ठरविलेली होती. बाळंतिणीचा सव्वा महिना, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणे, अंगाला तेल लावून शेकशेगडी, आळिवाची खीर व डिंकाचे लाडू ह्या सर्वांची जबाबदारी इतरांवर असे. विश्रांती घेणाऱ्या स्त्रीला त्याबद्दल संकोच वाटण्याचे कारण नसे. कारण ती न घेणे हेच रीतीविरुद्ध होते.

ह्या व्यवस्थेचे गोडवे मात्र जपूनच गावेत. तिचा काही भाग सोयर व विटाळ ह्यांच्या कल्पनांवर उभा होता, आणि त्यांत स्त्रीचा अवमान होता. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीला सव्वा महिना क्वचितच लाभे. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठीच १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. पुढे १९६१ मध्ये त्याच विषयावर केंद्रीय कायदा झाला, व २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु कायद्याची रजा नोकरीतून मिळते, घरकामातून नव्हे. कुटुंबे लहान झाली, रूढी सैल झाली, आणि रूढीने दिलेली विश्रांती तिच्याबरोबर गेली. तिच्या जागी दुसरी व्यवस्था मात्र आली नाही.

आधी राखून ठेवावयाच्या गोष्टी

अशा स्थितीत उपयोगी पडतात ते उपाय साधे आहेत. त्यांना स्वतंत्र वेळ फारसा लागत नाही. क्रम तेवढा बदलावा लागतो.

पहिली गोष्ट आहाराची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले उभ्याउभ्या खाणे आणि लगेच चहा घेणे, ही सवय ह्या बाबतीत अपायकारक आहे. चहातील टॅनिनमुळे धान्य, कडधान्ये व पालेभाज्या ह्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. लिंबू वा आवळा ह्यांतील ‘क’ जीवनसत्त्वाने ते अधिक शोषले जाते. म्हणून चहा जेवणानंतर निदान तासाभराने घ्यावा, उसळीवर लिंबू पिळावे, आणि आईचे ताट इतरांच्या ताटांबरोबरच वाढले जावे. अर्थात रक्तक्षय जडलाच असेल, तर तपासणी व औषधोपचार ह्यांना पर्याय नाही.

दुसरी गोष्ट निद्रेची. तुकड्यातुकड्यांनी मिळालेली झोप सलग झोपेची बरोबरी करीत नाही. मूल अंगावर पीत असले, तरी पाजून झाल्यावर त्याला थोपटून निजविणे व दुपटी बदलणे ही कामे दुसऱ्या कोणासही करता येतात. दिवसा मूल निजले की पहिली वीस मिनिटे आईने पडून राहावे व मग कामास लागावे; हा क्रम उलटा केला की ती वीस मिनिटे हमखास हातची जातात.

तिसरी गोष्ट शरीराची. प्रसूतीनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. खोकताना वा शिंकताना लघवी सुटते. पुष्कळ स्त्रिया हे दुखणे लाजेने लपवितात. ह्या स्नायूंच्या आकुंचनाचा व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल ह्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. तो बसल्या जागी करता येतो व त्यास कोणतेही साधन लागत नाही.

चौथी गोष्ट मनाची. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील रडवेलेपणा आपोआप ओसरतो. तो दोन आठवड्यांपलीकडे टिकला, कशातच रस वाटेनासा झाला, स्वतःविषयी वा मुलाविषयी भलते विचार येऊ लागले, तर तो आजार समजून वैद्यकीय साहाय्य त्वरित घ्यावयास हवे. १९८७ मध्ये एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची चाचणी ह्याच्या प्राथमिक परीक्षेसाठी अनेक देशांत वापरली जाते.

अपराधीपणाची भावना

हे सर्व ठाऊक असूनही आचरणात येत नाही, ह्याचे एक कारण अपराधीपणाची भावना होय. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट ह्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ‘पुरेशी चांगली माता’ ही कल्पना मांडली. अशी माता आरंभी बालकाच्या गरजांशी जवळजवळ संपूर्णपणे जुळवून घेते आणि त्याची सहनशक्ती वाढेल तसतशी हळूहळू मागे सरते. हे मागे सरणेच बालकाला बाह्य वास्तवाची ओळख करून देते. थोडी वाट पाहावी लागल्याने मुलाचे अहित होत नाही, इतका दिलासा त्यातून निश्चित मिळतो.

तात्पर्य, मातेची निगा केवळ तिच्या निग्रहावर अवलंबून ठेवता येत नाही. ताट बरोबर वाढणे, रात्री एकदा दुसऱ्याने उठणे, दुपारची वीस मिनिटे न मोडणे ह्या गोष्टी घरातील इतरांनी पाळावयाच्या आहेत. जुन्या रूढीने जे सव्वा महिना केले, ते विटाळाची कल्पना वगळून रोज थोडे थोडे करणे, हेच आजच्या कुटुंबाचे काम आहे.